लोणार ओळखायला लागलेली १५० वर्षं

आमच्या मेहकरच्या घरी टीव्हीच्या शोकेसमध्ये एक दगड आहे. लिंबाएवढा, काळा, एका बाजूनं काचेसारखा चकाकणारा. काकानं कॉलेजात असताना लोणारहून उचलून आणलेला. (तेव्हा तिथं अभयारण्य नव्हतं, ते २००० साली झालं. आता कुणी उचलू नका.) तो नेमका काय आहे हे घरात कुणालाच माहीत नाही. काका म्हणतो उल्का. बाबा म्हणतात लोहाराच्या भट्टीतला खडा. आजीनं त्याला कधी नाव दिलं नाही. दसऱ्याला बाकीच्या वस्तूंबरोबर त्यालाही कुंकू लावायची, एवढंच.

आठवीत असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन मी डायब्लो २ खेळायचो. राक्षस मेला की तलवार, अंगठी असं काहीतरी पडायचं आणि खाली लाल अक्षरांत यायचं, ‘अनआयडेंटिफाइड’. वस्तू हातात आहे, पण तिची ताकद माहीत नाही. मग आयडेंटिफायचा स्क्रोल वापरायचा, किंवा डेकार्ड केन नावाच्या म्हाताऱ्याला दाखवायचं. त्याला एकदा कैदेतून सोडवलं की तो सगळं फुकट ओळखून द्यायचा. मला तेव्हा वाटायचं, असा एक म्हातारा मेहकरला असता तर त्या दगडाचा निकाल लागला असता.

इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर नेटहॅक सापडला. १९८७चा खेळ, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. तिथं ओळखण्याचे प्रकार जास्त मजेशीर आहेत. वस्तू दुकानदाराला दाखवायची आणि तो किंमत काय सांगतो त्यावरून अंदाज बांधायचा. देवळातल्या वेदीवर ठेवायची, काळा प्रकाश चमकला तर शापित. पाळीव कुत्रा तिच्यावर पाय ठेवायला कचरतो का ते बघायचं. काहीच जमलं नाही तर बाटलीतलं सरळ पिऊन टाकायचं आणि मरायचं. मी अनेकदा मेलोय.

नंतर कधीतरी लोणारचा इतिहास वाचायला घेतला, आणि हा खेळ आपल्या जिल्ह्यात शेकडो वर्षं चालू होता हे लक्षात आलं. वस्तू एकच: सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळपास दीडशे मीटर खोल, गोल खड्डा आणि तळाशी खारं पाणी. प्रत्येकानं आपल्याकडे जी परीक्षा होती ती लावली.

सगळ्यात जुनं उत्तर लोणासुराचं. जमिनीखाली दडून बसलेला हा दैत्य, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. झाकण लांब जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ याच गोष्टीचं. ही गोष्ट म्हणजे आपल्या पूर्वजांना उल्कापात माहीत होता याचा पुरावा, असे फॉरवर्ड मला दर श्रावणात येतात. तसं काही नाही. पण एवढं खरं, की गोष्ट रचणाऱ्यानं खड्ड्याकडे नीट पाहिलं होतं. इथलं काहीतरी एका झटक्यात बाहेर फेकलं गेलंय, हे त्याला दिसलं होतं.

अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त दुकानदाराची परीक्षा लावली. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचं पावित्र्य येतं, आणि लगेच काच आणि साबण करायला लागणारा माल इथं मिळतो हेही येतं. तळ्याच्या पाण्यात सोड्याचे क्षार आहेत, म्हणून हे. किंमत कळली, वस्तू कळली नाही.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर हा इंग्रज अधिकारी इथं आला आणि लोणार युरोपच्या कागदावर गेलं. त्यानंतरच्या भूवैज्ञानिकांचं मत साधारण एकच: ज्वालामुखी. त्यांना हसू नये. अख्खं दख्खनचं पठार लाव्ह्याचं आहे. लाव्ह्यात गोल खड्डा दिसला तर माणूस दुसरं काय म्हणणार? १८७९च्या मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांच्या ग्रंथातही हेच आहे. अडचण एकच होती. इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि खड्ड्याची कड मात्र अजून ताजी. कोट्यवधी वर्षं थंड पडलेल्या चुलीतून अचानक स्फोट कसा?

मला या सगळ्यात सर्वात आवडतो तो ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट, कारण त्यानं सगळं बरोबर करून उत्तर चुकवलं. ॲरिझोनात लोणारसारखाच एक खड्डा आहे. १८९१ साली गिल्बर्ट तिथं दोन परीक्षा ठरवून गेला. लोखंडी उल्का खाली गाडली असेल तर चुंबकसुई हलेल. आणि गाडलेल्या उल्केनं जागा व्यापली असेल, तर बाहेर पडलेली माती खड्ड्यात परत भरली की उरेल. सुई हलली नाही. माती आणि खड्डा जवळपास जुळले. म्हणून त्यानं निकाल दिला, वाफेचा स्फोट. १८९६च्या लेखात त्यानं लोणारशी साम्यही नोंदवलं. म्हणजे दोन भावंडं ओळखली, पण आडनाव चुकीचं लावलं. त्याला माहीत नव्हतं की एवढ्या वेगानं आलेली उल्का जमिनीत रुतून बसत नाही, तिची वाफ आणि चुरा होतो. प्रोग्रामरला हा बग ओळखीचा वाटेल: टेस्ट बरोबर, गृहीतक चूक, आणि सगळं हिरवं.

चुंबकाची परीक्षा लोणारला आजही चालते. मोठ्या मारुतीच्या देवळात झोपलेल्या मारुतीची मूर्ती आहे, तिचा दगड उल्केचा म्हणून चुंबकीय, असं म्हणतात. शाळेच्या सहलीत आम्ही होकायंत्र घेऊन गेलो होतो (कंपासपेटी घेऊन आलेला एक मित्रही होता, त्याचं नाव सांगत नाही). सुई हलली. आम्ही टाळ्या वाजवल्या. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतंच, त्यानं सुई हलू शकते, हे कळायला मला दहा वर्षं लागली.

१९१२ साली ला टूश आणि ख्रिस्टी यांनी लोणारचा सविस्तर अभ्यास छापला, तरी ज्वालामुखी सुटला नाही. दार उघडलं ते ॲरिझोनाच्या बाजूनं. १९६० साली तिथल्या खड्ड्यात कोएसाइट सापडलं. क्वार्ट्झवर प्रचंड दाब आला की होणारं हे खनिज, आणि तसा दाब जमिनीच्या पृष्ठभागावर कुठलाही ज्वालामुखी देऊ शकत नाही. स्क्रोल मिळाला! पण लोणारला तो चालेना. ॲरिझोनातला खडक वाळूचा, आपला बेसॉल्ट. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच.

लोणारला वेगळा स्क्रोल हवा होता, आणि तो १०० वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला होता. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीला एक उल्का पडली. (ती मंगळावरून आलेली, हे पुढच्या शतकात कळलं.) व्हिएन्नाच्या गुस्ताव चेरमाकला १८७२ मध्ये तिच्यात एक विचित्र काच दिसली. आकार फेल्डस्पार स्फटिकाचा, पण आतली रचना विस्कटलेली. त्यानं तिला मॅस्केलिनाइट नाव दिलं. न वितळता, नुसत्या धक्क्यानं काच व्हायला सुमारे तीन लाख वातावरणांइतका दाब लागतो. आणि फेल्डस्पार बेसॉल्टमध्ये पैशाला पासरी.

जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियननं तळ्याच्या पात्रात बोअर मारले. आमच्याकडे बोअर पाण्यासाठी मारतात, इथं पाण्यातून खाली दगडासाठी. गाळाच्या जाड थराखालून आलेल्या तुटक्या खडकांत मॅस्केलिनाइट होतं. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख १९७३ साली ‘सायन्स’मध्ये आला. अलेक्झांडरनंतर बरोबर १५० वर्षांनी लाल अक्षरं गेली.

सगळी नाही गेली. वय अजून भांडणात आहे. एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं, २०११च्या आर्गॉन पद्धतीनं ५ लाख ७० हजार. आणि २०२० साली पाणी अचानक गुलाबी झालं तेव्हा पुन्हा सगळे बाटली हातात धरून उभे. खारं पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग, असं तपासणीत निघालं.

मागच्या वर्षी मी भूगर्भशास्त्र शिकलेल्या एका मित्राला घरच्या दगडाचा फोटो पाठवला. तो म्हणाला, फोटोवरून काही सांगता येत नाही. दगड कापून ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती करायची, ती ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरवायची. स्फटिकाचा आकार शाबूत आहे आणि तरी तो कुठल्याही कोनात काळाच राहतो, असं दिसलं तर लोणारचा धक्का त्यानं खाल्लाय. दगड बारका आहे, कापताना-घासताना निम्मा जाईल. खेळात स्क्रोल संपतो आणि वस्तू राहते, असं मी त्याला म्हणालो. त्याला खेळ माहीत नव्हता.

आजीला मी हे तेव्हाच विचारलं होतं. ती भाजी निवडत होती. “कायले कापतं रे त्याले? तुले कोणी कापून पाहिलं का, कोनाचा हायेस ते?”

ती या उन्हाळ्यात गेली. दसऱ्याला कुंकू आईनं लावलं. दिवाळीनंतर दगड मी पिशवीतून पुण्याला आणला, तो आता माझ्या मॉनिटरखाली आहे. काका दर रविवारी फोनवर विचारतो, काय निघालं? मित्राच्या प्रयोगशाळेत शुक्रवारी कटिंग मशीन मोकळं असतं. असे तीन शुक्रवार गेलेत.