उड्डाणाचे तास आणि घरचा हिशेब



वैमानिकाचा व्यवसाय म्हटला की तरुणाच्या डोळ्यांपुढे आकाश उभे राहते, आणि त्याच्या वडिलांच्या डोळ्यांपुढे आकडा. या दोघांत सलोखा कसा घडवावा, याविषयी इतिहासाला विचारले तर तो बरेच काही सांगतो.

मुंबईत जुहू येथे १९२८ साली फ्लाइंग क्लब निघाला. जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला. त्या काळी क्लबांना सरकारी अनुदान मिळे. तरीही शिकणाऱ्याने पैसा मोजावयाचा तो तासावर. ही रीत आजही बदललेली नाही. शाळेची फी वर्षाची असते, उड्डाणाची तासाची; आणि मंद विद्यार्थी असो वा पावसाळी आभाळ असो, लांबलेल्या शिक्षणाचा भुर्दंड घरालाच बसतो.

आगाखान यांनी इंग्लंड व भारत यांमधील प्रवास एकट्याने प्रथम पुरा करणाऱ्या भारतीयास ५०० पौंडांचे बक्षीस लावले. टाटा कराचीहून निघाले. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनीअर इंग्लंडहून. मिसर देशातील अबुकीर येथे अस्पी अडकून पडले होते. त्यांच्या यंत्राचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे त्यांना दिले. अस्पी काही तासांनी आधी पोहोचले व बक्षीस त्यांनाच मिळाले. टाटांचे औदार्य सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते करता आले, कारण त्यांच्याजवळ जादा सामान होते, ही गोष्ट आपण विसरतो.

शिल्लक नसल्यास काय होते, याचे मन पिळवटणारे उदाहरण सरला ठकराल यांचे. १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, साडी नेसून त्यांनी जिप्सी मॉथ विमान एकट्याने चालविले. पुढे व्यावसायिक परवान्यासाठी त्या जोधपूरला गेल्या. १९३९ साली त्यांचे वैमानिक पती अपघातात वारले, महायुद्ध पेटले आणि नागरी शिक्षण बंद पडले. त्या लाहोरला परतल्या व कलेकडे वळल्या. त्यांच्या अंगी कमतरता नव्हती. काळानेच शिल्लक ठेवली नाही.

आज व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास स्वतः विमानप्रमुख म्हणून, १० तास उपकरणांच्या साहाय्याने व ५ तास रात्री. शिवाय अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांत किमान १५ तास झालेले असावे लागतात. म्हणजे खंड पडला की खर्च वाढलाच. एकूण खर्च सहज चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी शेत गहाण ठेवून अगदी काटेकोर टाचण केले होते. बारा महिन्यांचे राहणे-जेवण त्यांनी धरले. लागले बावीस महिने. १४० तासांवर पैसा संपला. मुलगा परतला तेव्हा त्यांनी मला तो कागद दाखविला. बेरीज चुकली नव्हती; धरलेले महिनेच चुकले होते.

म्हणून गृहस्थांनी हिशेबाचे तीन भाग करावेत. पहिला, वैद्यकीय तपासणी, आणि तीही सर्वांआधी. कारण शरीराने नकार दिल्यास पुढील सर्व खर्च वाया जाणार. दुसरा, तासांचा व राहण्या-जेवणाचा. तिसरा, जादा तासांचा व परवाना मिळाल्यावर नोकरी लागेपर्यंतच्या काळाचा. १९३२ साली १५ ऑक्टोबरला टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले, तेव्हा त्या साऱ्या सेवेला मूठभर वैमानिक पुरत होते. परवाना म्हणजे नोकरी नव्हे, हे तेव्हाही खरे होते.

तिसरा भाग ज्याच्या टाचणात कोरा असेल, त्याने एक वर्ष थांबावे. आकाश कोठे जात नाही. गहाण पडलेले शेत मात्र जाते.