भिंतीतल्या उन्हाचा हिशेब

जुन्या नाशकातल्या वाड्याची जाड भिंत दुपारभर तापते, पण आतल्या खोलीला धग लागते ती दिवेलागणीनंतर. हा उशीर हातांनी मोजणं मोठं जिकिरीचं. इमारतीच्या ऊर्जेचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरचा उगम याच प्रश्नात आहे.

1967 साली कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले स्टीफन्सन आणि मितालास यांनी त्यावर तोडगा काढला. आधीच्या तासांतल्या उष्णतेचा आत्ताच्या तासावर किती परिणाम होतो, हे त्यांनी गुणकांत बांधलं. संगणकाला ते पेलणारं होतं. 1973च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत अशा सॉफ्टवेअरची दोन घराणी पुढे आली: लष्करी प्रयोगशाळेचं ब्लास्ट आणि बर्कली प्रयोगशाळेचं डीओई-2. दोन्हींतलं निवडक घेऊन 2001 साली एनर्जीप्लस आलं, तेही मोफत.

आपल्याकडेही पाया घातला जात होता. पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणं घडवणाऱ्या अ‍ॅना मणी यांनी देशभरच्या सौर प्रारणाच्या नोंदी 1980 साली ग्रंथरूपात दिल्या. पुढे आयआयटी मुंबईत टॅडसिम हे सॉफ्टवेअर तयार झालं. 2007च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने मोठ्या व्यापारी इमारतींना वर्षभराचं सिम्युलेशन करून पात्र ठरण्याचा मार्ग खुला केला.

आज नावं ढीगभर आहेत, पण डिझाइनबिल्डर आणि ओपनस्टुडिओ यांच्या पोटात एनर्जीप्लसच आहे आणि ई-क्वेस्टच्या पोटात डीओई-2. म्हणून निवडताना आतलं इंजिन बघा आणि आपला प्रश्न बघा. घरांसाठीची 2018ची इको निवास संहिता भिंती-खिडक्यांतून येणारी उष्णता दर चौरस मीटरला 15 वॅटच्या आत ठेवायला सांगते. तेवढ्याला सूत्र आणि एक्सेल पुरतं.

सर्वात जास्त जपायची ती हवामानाची फाईल. तिच्यात तासाला एक अशा 8,760 ओळी असतात: तापमान, आर्द्रता, ऊन, वारा. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर. उन्हाळ्यात दुपार कोरडी तापते, रात्र निवते. या फरकावरच जाड भिंतीचा फायदा ठरतो. मुंबईची दमट फाईल इथे लावली, तर तो फायदा उत्तरात दिसणारच नाही.

शिकायला सुरुवात एकाच खोलीपासून करा. घरातली खोली एनर्जीप्लसमध्ये मांडा, तिच्यात थर्मामीटर टांगा आणि आठवडाभर तासातासाला ताळा घ्या. त्या दिवसांचं प्रत्यक्ष हवामान भरूनही आकडे जुळत नसतील, तर मोठ्या इमारतीला हात घालू नका.