सुरतला एक्झोरा पिवळा का पडतो? फुलपाखरं हवी असतील तर आधी माती बघा

नंदुरबार, धुळे, जळगावकडून सुरतला गेलेली आपली माणसं उधना, लिंबायत, डिंडोली भागात मोठ्या संख्येने राहतात. ओट्यावर, गॅलरीत चार कुंड्या असतात आणि त्यात तुळशीशेजारी पुष्कळदा एक्झोरा असतो. कोकणात याच झुडपाला पेंटगुळ म्हणतात. कॉफीच्या कुळातलं हे झाड मूळचं दक्षिण भारत आणि श्रीलंकेतलं.

याच्या फुलाची नळी लांब आणि अगदी अरुंद, मध पार तळाशी. मधमाशीची जीभ तिथवर पोचत नाही, फुलपाखराची सोंड पोचते. म्हणून बहुरूपी, लिंबाळी, हळदीकुंकू अशी मोठी फुलपाखरं लाल गुच्छांवर येतात. त्यासाठी झाडाला रोज पाच-सहा तास ऊन मिळालं पाहिजे. सावलीत पानं वाढतात, गुच्छ कमी येतात.

आता खरी अडचण. नर्सरीतून हिरवंगार आणलेलं झाड काही महिन्यांत पिवळं पडतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की समजा लोह कमी पडतंय. लोक मग युरिया टाकतात, त्याचा उपयोग नाही. एक्झोराला आम्लधर्मी माती लागते, सामू साधारण साडेपाच ते साडेसहा. तापीकाठची काळी माती अल्कधर्मी, त्यात बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. भिंतीला चिकटून लावलेल्या झाडाचे हाल जास्त, कारण प्लास्टरचा चुना मातीत उतरतो. चुलीची राख तर कुंडीत टाकूच नका.

कुंडीसाठी लाल माती दोन भाग, जुनं शेणखत एक भाग आणि कोकोपीट एक भाग घ्या. खाली छिद्र मोकळं हवं. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी पिंपात साठवून ठेवलं तर पुढचे काही आठवडे तेच द्यावं. पानं पिवळी पडलीच असतील तर एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड घालून संध्याकाळी पानांवर फवारा, फुलं टाळून. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. हिराकस नुसता काळ्या मातीत टाकला तर फार टिकत नाही. तो फरशीवर सांडला तर गंजासारखा डाग पडतो, घरातल्यांची बोलणी खावी लागतील. मातीतूनच द्यायचं असेल तर अल्कधर्मी जमिनीत चालणारं चिलेटेड लोह दुकानात मागा.

फुलं नव्या फांदीच्या शेंड्यावर येतात. बहर संपला की शेंडे हलके छाटा. फांदी लावून रोप करायचं तर पावसाळ्यात करा.

पिठ्या ढेकूण आणि मावा या झाडावर येतात. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, नाही गेले तर लिटरला ५ मिली नीमतेल आणि थोडं साबणाचं पाणी. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मात्र नको. ते झाडात भिनतं, मधात उतरतं. फुलपाखरांसाठी लावलेलं झाडच त्यांना विष पाजायला लागतं.

घाणेरीही फुलपाखरांना आवडते आणि काही न करता वाढते, म्हणून बरेच जण ती लावतात. आमचं मत, लावू नये. अमेरिकेतून आलेली ही झाडी, पाखरं फळं खाऊन बी पसरवतात, डांगच्या जंगलात तिने किती जागा खाल्ली ते दिसतंच. पाला गुरांनाही विषारी.

एक्झोरावर फुलपाखरू फक्त जेवायला येतं. बहुरूपी आणि लिंबाळी अंडी घालतात ती कढीपत्ता, लिंबूवर्गीय झाडांवर. त्यामुळे शेजारच्या कुंडीत कढीपत्ता हवाच. त्यावरची लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाली की हिरवी. डिवचलं तर डोक्यामागून शिंगांसारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. चावत नाही. ती पानं फस्त करते, पण झाड पुन्हा फुटतं. नंतर ती काडीला किंवा जवळच्या भिंतीला कोष करते. हिरवा किंवा तपकिरी, वाळक्या पानासारखा. साफसफाई करताना तो कचरा समजून झाडला जातो, तेवढं बघा.