पालेर्मोच्या वाटेवर

माझा भाचा जर्मनीत, कोलोनला नोकरीला आहे. एकदा फोनवर म्हणाला, "मामू, या ना इकडे. गाडी मी चालवतो. कुठं जायचं ते तुम्ही सांगा." मी म्हणालो, "सिसिली." मी पॅरिस म्हणेन, असे त्याला वाटले असावे. जरा थांबून तो म्हणाला, "विमानानं एका सकाळीत पोचू." मी म्हटले, "मला ती वाट पाहायची आहे."

तेव्हापासून एक दोनशे पानी वही माझ्या उशाशी असते. कोलोनहून लक्झेंबर्ग, तिथून फ्रान्समधले स्ट्रासबर्ग, मग स्वित्झर्लंड, आल्प्स ओलांडून मिलान, रोम, नेपल्स आणि शेवटी इटलीच्या बुटाचे टोक. अंतर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास, देश पाच. पण व्हिसा एकच. ज्या देशात जास्त दिवस राहायचे, त्याच्याकडे अर्ज करायचा. म्हणजे आमच्या बाबतीत इटलीकडे.

या एका व्हिसाचे मूळ आमच्या वाटेवरच आहे. शेंगेन हे मोझेल नदीकाठचे लक्झेंबर्गमधले छोटे गाव. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांच्या सीमा तिथे मिळतात. 14 जून 1985 रोजी तिथे नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला आणि 1995 साली त्यांच्यामधल्या सीमांवरची तपासणी थांबली. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एकमेकांची शहरे जाळणारे हे देश! अलीकडे काही देशांनी आपल्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. म्हणून भाच्याने बजावले आहे, "पासपोर्ट खिशातच ठेवा."

स्वित्झर्लंडच्या महामार्गावर गाडी घालायची तर वर्षाचा 40 फ्रँकचा परवाना घ्यावा लागतो. मग तुम्ही एक दिवस जा, नाहीतर वर्षभर. पुढे गोटहार्डचा बोगदा, जवळजवळ 17 किलोमीटरचा, 1980 साली खुला झालेला. पूर्वीच्या प्रवाशाला घाटात बर्फ वितळण्याची वाट पाहावी लागे. शेवटी मेस्सिनाची सामुद्रधुनी. सर्वांत अरुंद जागी ती जेमतेम तीन किलोमीटर आहे, पण तिच्यावर पूल नाही. गाडी बोटीवर चढवायची, वीसेक मिनिटांत बेटावर. रेल्वेचे डबेसुद्धा असेच बोटीतून पलीकडे जातात.

आता सिसिलीच का? तर नकाशामुळे. बाराव्या शतकात पालेर्मोला रॉजर दुसरा हा नॉर्मन राजा राज्य करीत होता. 1130 साली त्याला राज्याभिषेक झाला. त्याच्या दरबारी अल-इद्रिसी नावाचा अरब भूगोलज्ञ होता. राजा ख्रिस्ती, विद्वान मुसलमान. दोघांनी मिळून त्या काळच्या ज्ञात जगाचे वर्णन करायचे ठरवले. बंदरात उतरणाऱ्या प्रवाशांना बोलावून विचारायचे, एकेकट्याला आणि एकत्रही. ज्यावर सर्वांचे एकमत, ते लिहून घ्यायचे. जिथे मतभेद, ते बाजूला ठेवायचे. हे काम सुमारे पंधरा वर्षे चालले. 1154 साली अरबी ग्रंथ पुरा झाला. त्यात 70 नकाशे होते आणि दक्षिण दिशा वरच्या बाजूला. युरोपातल्या गावांमधली अंतरे त्यात मैलांत नाहीतर दिवसांच्या प्रवासात दिली आहेत. माझ्या वहीत आज मी दुसरे काय करतो आहे?

आणि गंमत म्हणजे, कधी हिंदुस्थानात न आलेल्या त्या माणसाच्या ग्रंथात आपल्या किनाऱ्यावरची ठाणे आणि सोपारा ही बंदरेही आहेत. पालेर्मोच्या धक्क्यापर्यंत आपल्या गावांची नावे पोचली होती.

त्या पालेर्मोत अरबी, ग्रीक आणि लॅटिन अशा तिन्ही भाषांत राज्यकारभार चाले. 1149 सालची एक समाधीशिला तिथे आहे. एका ख्रिस्ती धर्मगुरूने आपल्या आईसाठी, ॲनासाठी, ती कोरवून घेतली. तिच्यावरचा मजकूर लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू अशा चार लिप्यांत आहे. आई गेल्याचे दुःख सगळ्या शेजाऱ्यांना वाचता यावे, असे त्या मुलाला वाटले असणार.

इथे थांबलो तर चित्र फार गोड होईल. पण प्रवाशाने पुढचे गावही पाहायला हवे. 1184 च्या डिसेंबरात इब्न जुबैर हा स्पेनमधला प्रवासी हजहून परतताना याच मेस्सिनापाशी जहाज फुटून किनाऱ्याला लागला. रॉजरचा नातू राजा विल्यम याने गरीब मुसलमान उतारूंना पैशाची मदत केली. इब्न जुबैरने त्याचे कौतुक मोकळेपणाने लिहिले आहे. पण त्रापानीच्या बंदरात जहाजाची वाट पाहताना त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली. गावातल्या एका मुसलमान गृहस्थाने एका यात्रेकरूला विनंती केली, माझ्या मुलीला तुमच्याबरोबर घेऊन जा. स्वतः लग्न करा, नाहीतर तुमच्या देशात चांगले स्थळ पाहून द्या. पोटची पोर परक्या माणसाच्या हाती देऊन बेटाबाहेर काढावी, असे त्या बापाला वाटत होते. मीही एका मुलीचा बाप आहे. ते वाचल्यावर त्या रात्री वही मिटून ठेवली.

त्याची भीती खोटी नव्हती. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत सम्राट फ्रेडरिक दुसरा याने सिसिलीतल्या मुसलमानांना हलवून इटलीतल्या लुचेरा गावी बसवले. 1300 साली नेपल्सच्या राजाने ती वस्तीही मोडली आणि माणसे गुलाम म्हणून विकली. तीन भाषांचा दरबार सांभाळणाऱ्या राजघराण्याचे रक्त या फ्रेडरिकच्या अंगात होते. त्याची आई रॉजरची मुलगी. दरबारात विद्वानांचा मान राहिला, म्हणून गावातला माणूस सुखरूप राहतोच असे नाही.

माणसे गेली, शब्द राहिले. सिसिलीत काल्तानिस्सेत्ता, काल्ताजिरोने अशी गावे आहेत. त्यांतला 'काल्ता' म्हणजे अरबी 'कलआ', आपला किल्ला. माझ्या वहीत पाहिले तर नकाशा, मुक्काम, खर्च, हिशेब, सगळे त्याच घरचे शब्द, आणि सगळे अस्सल मराठी. एखाद्या कवितावाचनानंतर आजही कुणी प्रेमाने विचारते, "तुम्ही मराठी इतकी छान कशी बोलता?" मी सांगतो, "आईने शिकवली." त्या मुलीच्या आईने तिला कोणती भाषा शिकवली असेल आणि परक्या देशात ती किती दिवस टिकली असेल, हे मात्र कुठे लिहिलेले नाही.

परवा भाच्याला कळवले, शेवटचा मुक्काम पालेर्मो नको, आणखी शंभरेक किलोमीटर पुढे त्रापानीला जाऊ. तो म्हणाला, "मामू, तिथं काय बघायचंय?"

म्हटले, "बंदर. थोडा वेळ बसू आणि परत फिरू."