पॅकेज मॅनेजर आणि आज्ञावली-भाषेची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
संगणकावर सॉफ्टवेअर बसविणे, अद्ययावत करणे व काढून टाकणे ही कामे करणाऱ्या आज्ञावलीस पॅकेज मॅनेजर असे म्हणतात. ही आज्ञावली पर्ल वा पायथनसारख्या भाषेत लिहिलेली असल्यास त्या भाषेचा इंटरप्रिटरही तिच्याच द्वारे बसविला व बदलला जातो. या परस्परावलंबनामुळे भाषेची निवड हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही. प्रस्तुत लेखात लिनक्समधील दोन परंपरांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

आरंभकाळ :
इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. त्यातील 'डीपीकेजी' प्रथम शेल स्क्रिप्टमध्ये व नंतर पर्लमध्ये लिहिले गेले. १९९४ मध्ये इयान जॅक्सन यांनी त्याचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने लिहिला. रेड हॅटच्या 'आरपीएम'ची १९९५ मधील पहिली आवृत्तीही पर्लमध्येच होती. पर्लमुळे ती त्वरेने तयार झाली. परंतु ती संथ होती, आणि संगणक एकाच फ्लॉपीवरून सुरू करताना तिला पर्लसह सामावून घेणे कठीण जात होते. म्हणून मार्क यूइंग व एरिक ट्रोअन यांनी ती सी भाषेत पुन्हा लिहिली. १९९६ च्या रेड हॅट ४.० मध्ये ती समाविष्ट झाली.

पायथन व त्यानंतर :
पुढे ड्यूक विद्यापीठात विकसित झालेले 'यम' पायथनमध्ये लिहिले गेले. तथापि वापरकर्त्याने यंत्रणेतील पायथनची आवृत्ती बदलताच यम बंद पडण्याचा धोका असे, आणि मग दुरुस्तीचे साधनच हाती राहत नसे. २०१९ च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये यंत्रणेच्या साधनांसाठी स्वतंत्र पायथन राखून ठेवण्यात आला. २०२४ मध्ये फेडोरा ४१ ने सी++ मधील 'डीएनएफ५' स्वीकारले.

डेबियनमध्ये 'एपीटी'साठी रस्ट भाषा अनिवार्य करण्याचा मनोदय ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाला. बाहेरून येणाऱ्या फाइलींचे वाचन व स्वाक्षरींची पडताळणी स्मृतिसुरक्षित भाषेत व्हावी, हा त्यामागील हेतू होता. मात्र रस्टची साधने उपलब्ध नसलेल्या जुन्या संगणक-रचनांना सहा महिन्यांत ती मिळवावी, अन्यथा प्रकल्पाबाहेर पडावे, असे सांगण्यात आले.

निष्कर्ष :
१९९५ च्या सुमारास जागा व वेग, पुढे इंटरप्रिटरचे स्थैर्य आणि अलीकडे सुरक्षितता, असे निवडीचे निकष बदलत गेले. प्रत्येक निवडीत लेखकाची सोय आणि ज्या यंत्रांवर आज्ञावली चालावयाची त्यांची मर्यादा यांचा मेळ घालावा लागला. त्यामुळे भाषेच्या निर्णयातून कोणाचे संगणक प्रवाहात राहतील, हेही ठरत असते.