स्प्लिट एसी : जोडणी व सर्व्हिसिंग

घरगुती किंवा दुकानातला एसी जागेवर बसवून चालू करून देणे आणि पुढे त्याची निगा राखणे, असे या व्यवसायाचे दोन भाग आहेत. आयटीआयमध्ये दहावीनंतर याचा २ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. अनेक कारागीर मात्र उस्तादाच्या हाताखालीच तयार होतात.

स्प्लिट एसी कारखान्यातून अर्धवटच येतो, असे म्हणायला हरकत नाही. इनडोअर आणि आउटडोअर युनिटांना जोडणारे तांब्याचे पाइप कारागीर जागेवर कापतो, त्यांची तोंडे पसरट (फ्लेअर) करतो, नट आवळतो. मग कोरडा नायट्रोजन दाबाने भरून गळती तपासायला सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन भरल्यास कॉम्प्रेसरमधल्या तेलामुळे स्फोट होऊ शकतो.

यानंतर व्हॅक्यूम. दाब सुमारे ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरवर उतरला, की पाइपांतले पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. घाईत नेमकी हीच पायरी गाळतात आणि थोडा गॅस सोडून आतली हवा हुसकून लावतात. एसी त्या दिवशी गारच होतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला काही कळत नाही. आत उरलेला ओलावा मात्र तेलात आम्ल तयार करतो आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचे आयुष्य घटवतो.

सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर, कॉइल आणि ड्रेन पाइप साफ करतात. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेने आउटडोअरची कॉइल लवकर खराब होते, तिथे ती जास्त वेळा धुवावी लागते.

‘गॅस संपलाय’ हे निदान सर्रास ऐकू येते. गॅस बंद चक्रात फिरतो. पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि सांध्याजवळचा तेलकट डाग बहुधा तिचा पत्ता सांगतो. इनडोअर कॉइलवर बर्फ धरला तरी आधी फिल्टर पाहावा, कारण तो तुंबल्यानेही बर्फ धरतो. गळती न काढता दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणे हा निव्वळ भुर्दंड आहे.

आर-२२ हा जुना गॅस ओझोनला घातक असल्याने १९८७च्या माँट्रियल करारानुसार हद्दपार होत आहे. त्याच्या जागी आलेल्यांपैकी आर-३२ ओझोनला निरुपद्रवी असला तरी सौम्य ज्वालाग्राही आहे. आर-२९० तर चक्क प्रोपेन. त्यामुळे चक्र रिकामे करून त्यातून नायट्रोजन फिरवल्याखेरीज सांध्याला टॉर्च लावत नाहीत.