रामसे बंधूंचा कारखाना

कोल्हापुरात चित्रपटाचा इतिहास लिहिणारा बाबूराव पेंटरांपासून सुरुवात करतो आणि भालजींपाशी येऊन थांबतो. १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की त्याला सेन्सॉरची कात्री लागली, हे आपण अभिमानाने सांगतो. रामसे बंधूंचे नाव काढले की मात्र नाक मुरडतो. मला ही विसंगती खटकते.

फतेहचंद रामसिंघानींचे कराचीत रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, म्हणून ‘रामसे’. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि चित्रपटनिर्मितीत पडले. १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ कोसळला. पण त्यात राक्षसी मुखवटा चढवून पृथ्वीराज कपूर चोरी करतात, गोळ्या झाडल्या तरी ढळत नाहीत. तेवढ्या प्रसंगासाठी प्रेक्षक येतात, हे मुलांनी हेरले.

मग १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’. मोठे नट नाहीत, स्टुडिओ नाही. सारे बिऱ्हाड महाबळेश्वरला नेले. धुके आणि जुने बंगले आयतेच मिळाले, स्वयंपाक घरच्या बायकांनी केला. सात भावांपैकी कुमार पटकथा लिही, गंगू कॅमेरा सांभाळी, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, केशू निर्मिती. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचे. पेंटरांनी कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत सारे एका छपराखाली केले, त्याच जातीचे हे काम. फरक इतकाच, की पेंटर चित्रकार होते आणि रामसे दुकानदार. गिऱ्हाईक काय मागते, यावर त्यांची नजर पक्की.

त्याची किंमतही दिसते. नायिकेला न्हाणीघरात धाडल्याशिवाय त्यांचे भूत जागे होत नाही, आणि मध्येच घुसडलेला विनोद तर भुतापेक्षा भयंकर. तरी १९८४ चा ‘पुराना मंदिर’ तुफान चालला. त्यातला सामरी साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल रुडकीत शिकलेले इंजिनिअर. त्या उंच, हाडकुळ्या माणसाच्या चेहऱ्याला रंगरंगोटी फारशी लागलीच नसावी, असे मला वाटते. त्याच सुमारास इटलीत लुचिओ फुल्ची, विनोदी चित्रपटांत उमेदवारी केलेला दिग्दर्शक, रक्तपाताच्या चित्रपटांवर नाव कमावत होता. त्याच्यावर आज जाडजूड ग्रंथ निघतात.

१९९० च्या ‘बंद दरवाजा’नंतर व्हिडिओ आणि केबलमुळे हा धंदा बसू लागला, तेव्हा भावांनी १९९३ मध्ये ‘झी हॉरर शो’ काढला. तीच हवेली, तोच करकरणारा दरवाजा. आता तिकीट नव्हते.